वीकेंड फंडा : मास्क लावा, पाय उचला!

‘स्नॉर्केलिंग’ म्हटलं की आपल्या ऑफिसातल्या मंडळींना थेट थायलंड नाहीतर अंदमान आठवतं. मग विमानाचं तिकीट, आठवड्याची रजा, बॉसचा चेहरा... आणि प्लॅन कॅन्सल! अहो, आपलं मालवण काय वाईट आहे? निगडी-चाकणकडून साधारण ४०० किलोमीटर. सुट्टी गुरुवारची असो नाहीतर रविवारची, तिला एखादी रजा जोडा, रात्री बसमध्ये झोपा, सकाळी मालवणात उतरा.

जेट्टीवरून होडी सुटते ती थोड्याच वेळात सिंधुदुर्गाच्या तटाजवळ. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला आपण बहुतेकांनी सहलीत पाहिलेला. पण त्याच्या आसपास, जेमतेम काही फूट पाण्यात, जिवंत प्रवाळ आहे हे किती जणांना ठाऊक असतं?

पोहता येत नाही? नो टेन्शन. अंगावर लाइफ जॅकेट, सोबत गाइड. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून धुवा, वाफ धरत नाही. (हसू नका, जगभर हेच करतात!) नळी दातात धरा, नाक विसरा, श्वास तोंडानं घ्या. पहिली दोन मिनिटं जीव घाबरा होतो. मग फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो आणि खालून पट्ट्यापट्ट्यांचे मासे बिनधास्त जातात. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, हे आधीच सांगून ठेवते. पावसाळ्यात सगळं बंद. डिसेंबर-जानेवारीतली, वारा पडलेली सकाळ बेस्ट.

आता मुद्द्याचं. मी गेले त्या दिवशी शेजारच्या ग्रुपमधला एक जण दमला आणि पाण्यातल्या ‘खडका’वर मस्त उभा राहिला. फोटोसाठी पोजही दिली. गाइड ओरडला, “पाय टेकवू नकात हां!” कारण तो खडक नव्हताच. प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न बनवतं आणि त्यांना पोसतं. गोळ्यासारखं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे फुटबॉलएवढं व्हायला दहाएक वर्षं! आपण सायकल टाइम सेकंदात मोजणारी माणसं. इथं स्पेअर पार्ट मिळत नाही, राव.

हा परिसर १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत जागा आहे. पण समुद्र तापला की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. अशी जगभरातली चौथी मोठी लाट शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये जाहीर केली. समुद्र गार करणं आपल्या आवाक्यातलं नाही. पाय वर ठेवणं नक्कीच आहे.

तेव्हा दमलात तर पाठीवर तरंगा. ओहोटीला प्रवाळ अगदी पोटाखाली येतं, तेव्हा जास्तच सांभाळा. माशांना ब्रेड-बिस्किटं नकोत. आणि होडीत बसण्याआधी विचारा, “दादा, नांगर वाळूतच टाकणार ना?” चार गिऱ्हाइकांनी विचारलं, तर पाचव्या वेळी दादा आपणहून वाळू शोधेल.

मग किनाऱ्यावर या आणि सुरमईची थाळी मागवा. सोलकढी दोन वाट्या!