आंबट म्हणजे जीवनसत्त्व ‘क’ नव्हे

उन्हाळा लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारांत लिंबूसत्त्वाला मागणी वाढते. सरबतापुरता त्याचा माफक वापर असावा, यास आमची हरकत नाही. परंतु हिरड्यांतून रक्त येणारा रुग्ण ‘क जीवनसत्त्वासाठी’ रोज लिंबूसत्त्वाचे पाणी घेऊ लागतो, तेव्हा या समजाचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसातून वेगळे केले. आज मात्र ते मुख्यत्वे शर्करायुक्त द्रवात विशिष्ट बुरशी वाढवून कारखान्यात तयार होते. जीवनसत्त्व ‘क’ म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. दोहोंच्या रेणुसूत्रांत एकाच ऑक्सिजन अणूचा फरक असला, तरी रचना व कार्य सर्वस्वी भिन्न आहे. सायट्रिक ॲसिड आपले शरीर स्वतः निर्माण करते. ॲस्कॉर्बिक ॲसिड मात्र आहारातूनच मिळवावे लागते.

आंबटपणानेच स्कर्व्ही बरा होतो, हा भ्रम जुना आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी १२ आजारी खलाशांचे सहा गट करून निरनिराळे उपचार दिले. व्हिनेगर व सौम्य गंधकाम्ल दोन्ही आंबटच; तरी त्यांचा गुण आला नाही. संत्री व लिंबू मिळालेल्या दोघांपैकी एक सहा दिवसांत कामावर जाण्याजोगा झाला. गुण आम्लतेत नव्हता, फळात होता.

आपल्या शास्त्रास हे नवे नाही. केवळ रसावरून द्रव्याची परीक्षा पूर्ण होत नाही. अम्लरसाच्या अतिसेवनाने दंतहर्ष, पित्तवृद्धी व रक्तदुष्टी होते, असे चरकाचार्य सांगतात. मग शीतादाच्या रुग्णास शुद्ध आम्ल रोज देणे कोणत्या शास्त्रास धरून आहे?

आमची व्यवसायबंधूंस विनंती आहे की हिरड्यांच्या रक्तस्रावाचे कारण आधी तपासावे. प्रत्येक वेळी ते ‘क’ जीवनसत्त्वाची उणीव नसते. उणीव असल्यास आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, ताजे लिंबू सुचवावे आणि गरजेप्रमाणे ॲस्कॉर्बिक ॲसिडही द्यावे. औषधविक्रेत्यांनी वेष्टनावरील क्रमांक ग्राहकास दाखवावेत: ३३० म्हणजे सायट्रिक, ३०० म्हणजे ॲस्कॉर्बिक. लिंबूसत्त्व मागणाऱ्यास ‘हे जीवनसत्त्व नव्हे’ एवढे सांगण्यास क्षणही लागत नाही. न सांगितल्यास मात्र रुग्णाचे खरे उपचार महिनोन्महिने लांबतात.