इंद्रायणीची तपासणी हवी. पण कोणत्या दिवशी?

लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहू, आळंदीमार्गे तुळापूरला भीमेस मिळते. आळंदीत नदीवर पांढरा फेस तरंगू लागला, की प्रदूषणाची ओरड होते. फेस ओसरला, की चर्चाही ओसरते. नदीची प्रकृती नेमकी कोठे बिघडते, हा मूळ प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रात होते. ही संख्या देशात सर्वाधिक होती. स्नानयोग्य पाण्याचे निकष स्पष्ट आहेत. लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि 'बीओडी', म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. अडचण निकषांची नाही, नमुना घेण्याच्या वेळेची आहे.

लोणावळ्यात शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी उसळते आणि सांडपाणीही वाढते. आठवड्याच्या मधल्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात हा भार दिसेलच असे नाही. पावसाळ्यात धो धो पाण्यात घाण विरळ होते. उन्हाळ्यात प्रवाह आटला, की तेवढीच घाण घातक ठरते. त्यामुळे प्रवाहाची नोंद नसेल, तर नुसत्या आकड्यावरून नदी सुधारली की केवळ पाऊस पडला, हे सांगता येत नाही.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. लोणावळा, वळवण व शिरवता तलावांचे पाणी टाटांच्या खोपोली वीजगृहातून पाताळगंगेत जाते आणि पुढे धरमतरच्या खाडीत पोचते. ठोकळवाडीचे पाणी भिवपुरीमार्गे उल्हास खोऱ्यात उतरते. उल्हास वसईच्या खाडीला मिळते. म्हणजे मावळात पडलेल्या पावसाचा मोठा हिस्सा घाटाखाली जातो आणि दोन खाड्यांच्या प्रकृतीशीही त्याचा संबंध येतो.

खाडीत भरती-ओहोटीमुळे तेच पाणी दिवसातून दोनदा मागेपुढे होते. म्हणून तेथील नमुन्यासोबत भरतीची वेळ व क्षारता नोंदवावी लागते. तळाचा गाळ आणि त्यातील जीवही तपासावे लागतात. गाळात साचलेले प्रदूषण पाण्याच्या एका बाटलीत सापडत नाही. इंद्रायणीलाही हाच धडा लागू पडतो.

लोणावळा, कामशेत, तळेगाव, देहू आणि मोशी या प्रत्येक वस्तीच्या वर व खाली नमुने घेतले, तर कोणी किती घाण सोडली, हे उघड होईल. केवळ आळंदीत तपासणी केल्यास दोष सर्वांचा ठरतो, म्हणजेच कोणाचाच ठरत नाही. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पांवर कोट्यवधी रुपये खर्च करण्यापूर्वी हा हिशेब मांडणे आवश्यक आहे. अन्यथा वारकऱ्यांना दरवर्षी फेसाळ पाण्यातच तीर्थस्नान करावे लागेल.