मोहोर लगडला, पण माशी कुठे आहे?



पौष-माघात हापूसची कलमे मोहोराने लगडली की मन हरखते. पण मोहोर म्हणजे आंबा नव्हे. एका तुऱ्यात हजारावर फुले असतात. त्यांतली बरीचशी नर. उरलेल्या संयुक्त फुलांना पराग मिळाले तरच कैरी धरते. हे पराग चिकट असल्याने वाऱ्यावर भरवसा नाही. ते काम सातेरी मधमाशी, डंख नसलेली बारीक माशी आणि आपण हाकलतो ती निळी-हिरवी माशीही करते. म्हणून तर काही बागायतदार मोहोरात कुजकी मासळी टांगतात.

मोहोर सरतो, पण सातेरीला बारा महिने खायला लागते. कोकणच्या पावसात तिची उपासमार होते आणि ती ढोली सोडून जाते. तिच्यासाठी घराभोवती फुलोरा राखा. नारळ जवळजवळ वर्षभर फुलतो. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी आणि बांधावर तीळ लावा. तेरडा सरसकट बेणू नका. थंडीत कुळीथ, वाल, काजू आहेत. पुढे जांभूळ आणि करंज. दारची तुळस आहेच. नुसत्या हापूसच्या बागेत रत्ना, केसर यांचीही थोडी कलमे असावीत. परजातीचे पराग मिळाले की हापूसची फळधारणा सुधारते.

मात्र हे एकट्याचे काम नव्हे. माशीला तुमचा गडगा आणि शेजाऱ्याचा गडगा वेगळा कळत नाही. तुम्ही फुले जोपासलीत आणि शेजारी भर सकाळी तुडतुड्यांवर फवारणी झाली, तर सगळे मुसळ केरात! म्हणून मोहोरापूर्वीच वाडीची बैठक घ्या. तुडतुड्यांचा बंदोबस्त फुले उमलण्याआधी करा. मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक टाळा. अगदीच गरज पडली तर सूर्य मावळल्यावर फवारा आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा.

रत्नागिरी शहरात राहणाऱ्या लेकी-सुनांनाही हे कळवा. शहराला लागूनच बागा आहेत. तिथल्या परसात, शाळेच्या आवारात, देवळामागे फुलझाडे राहिली तर माशी तगेल आणि बागेलाही उपयोगी पडेल. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव ठरले, ते गावाने मिळून माशी सांभाळली म्हणूनच. गाव करी ते राव न करी!