ध्वनीचा व्यवसाय आणि धीराचे भांडवल

अमर बोस यांचे नाव निघाले की आपल्याकडे पहिला उद्गार निघतो तो ‘आपला माणूस’ असा. त्यात गैर काही नाही. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधील क्रांतिकारक. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या कार्याबद्दल तुरुंगवास भोगून ते १९२० मध्ये अमेरिकेत गेले. मुलगा १९२९ साली फिलाडेल्फियात जन्मला. महायुद्धाच्या काळात जहाज वाहतूक बंद पडली, भारतीय मालाची आयात करण्याचा वडिलांचा धंदा बुडाला आणि शाळकरी अमर रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावू लागला. ही कथा आपण हौसेने सांगतो. मात्र हा रेडिओ दुरुस्त करणारा मुलगा पुढे जो कारखाना उभारून गेला, त्याचे अर्थकारण समजून घेण्याची हौस फारशी कोणाला दिसत नाही.

बोस यांनी १९५६ साली एक महागडा स्टिरिओ संच विकत घेतला. कागदावरील सारे आकडे उत्तम होते, ऐकताना मात्र निराशाच पदरी आली. आकडे खरे की कान, हा त्यांचा प्रश्न होता. सभागृहात श्रोत्यापर्यंत येणारा बहुतांश ध्वनी भिंती आणि छत यांवर आदळून येतो, थेट वाद्यातून येतो तो थोडाच, हे सूत्र त्यांनी धरले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ते अध्यापक होते. तेथील गुरू युक-विंग ली यांनी प्रोत्साहन दिले, पदरचे पैसेही घातले आणि १९६४ मध्ये कंपनी निघाली. बावीस स्पीकर एकाच खोक्यात बसवलेले पहिले उत्पादन बाजारात सपशेल आपटले. १९६८ चे ‘९०१’ मात्र चालले. त्यातील नऊ स्पीकरपैकी आठांचे तोंड भिंतीकडे आणि एकाचे श्रोत्याकडे असे. थोड्याफार फेरफारांनिशी ते जवळपास अर्धे शतक विकले गेले.

संगीताचे काटेकोर जाणकार या मालावर कधीच खूश नव्हते. इतर कारखाने मोजमापांचे तक्ते छापत, ही कंपनी बऱ्याचदा ते छापण्याचे टाळी. तेव्हा टीका अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. एका प्रसंगी तर कंपनीने स्वतःची शोभा करून घेतली. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने १९७० मध्ये ‘९०१’ चे परीक्षण करताना वाद्यांचे स्वर खोलीभर भटकतात, असा शेरा मारला. कंपनीने खटला भरला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये निकाल मासिकाच्या बाजूने लागला. ज्याने स्वतः छापील आकड्यांवर अविश्वास दाखवून आरंभ केला, त्याने दुसऱ्याच्या कानांवर दावा लावावा, हा विरोधाभास लक्षात राहण्याजोगा आहे. वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या चर्चेत हा निकाल आजही उद्धृत होतो.

पण कंपनी वाढली ती खटल्यांनी नव्हे, आणि केवळ जाहिरातींनीही नव्हे. तिचे समभाग बोस यांनी कधीही शेअरबाजारात आणले नाहीत. या एका निर्णयातून बाकीचे पुष्कळ काही निघाले. १९७८ मध्ये विमानप्रवासात कानाला लावलेल्या हेडफोनमधले संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडून गेले, तेव्हा घरघर नष्ट करणारी रचना त्यांनी प्रवासातच कागदावर मांडली. पहिला विमानचालकांचा हेडसेट विक्रीस आला १९८९ मध्ये! अकरा वर्षे पैसा जात होता, येत नव्हता. मोटारगाडीच्या सस्पेन्शनचे संशोधन तर १९८० पासून चालू होते. त्याचे जाहीर प्रात्यक्षिक २००४ मध्ये झाले, एकही गाडी ते घेऊन रस्त्यावर आली नाही आणि अखेर ते तंत्र दुसऱ्या कंपनीच्या हवाली करावे लागले. दर तीन महिन्यांनी भागधारकांपुढे हिशेब ठेवणारा कोणता चालक असे उद्योग चोवीस वर्षे करू शकला असता? या स्वातंत्र्याची किंमत म्हणून एक मोठे अपयशही पदरात आले, हे मान्य करूनच त्याचे मोल ठरवले पाहिजे.

दुसरी गोष्ट अध्यापनाची. कंपनी जगभर पसरल्यानंतरही बोस २००१ पर्यंत वर्गात शिकवत राहिले. प्राध्यापकाने कारखाना काढावा आणि तरीही प्राध्यापकच राहावे, ही मुभा त्यांच्या संस्थेने १९६४ मध्ये दिली. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.ने नव्या उद्योगांसाठी स्वतंत्र संस्था स्थापली ती २००४ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. ‘आपला माणूस’ म्हणणाऱ्यांनी हे अंतर मोजावे. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर बोस एक वर्ष दिल्लीत होते. ते इथेच राहिले असते तर पगाराव्यतिरिक्त चार पैसे मिळवण्याची परवानगी मागणाऱ्या अर्जावर किती शेरे पडले असते, याची कल्पना येथील सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना सहज करता येईल.

२०११ मध्ये बोस यांनी कंपनीचे मताधिकार नसलेले बहुसंख्य समभाग आपल्या संस्थेला देऊन टाकले. अट अशी की लाभांश शिक्षण व संशोधनासाठी घ्यावा, समभाग विकू नयेत आणि कारभारात हात घालू नये. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भागभांडवल धर्मादाय न्यासांकडे असल्याने ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. मात्र तेथे न्यासांचा शब्द कारभारात चालतो, आणि त्यावरून उद्भवलेले वाद सर्वांना ठाऊक आहेत. येथे विद्यापीठाला दूध मिळते, दावे मात्र त्याच्या हाती नाही. गाय आटली तर विद्यापीठ काय करणार, हा प्रश्न या व्यवस्थेतही उरतोच.

तो निव्वळ तात्त्विकही नाही. बोस २०१३ मध्ये निवर्तले. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने उत्तर अमेरिका, युरोप, जपान व ऑस्ट्रेलियातील ११९ दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. खरेदी इंटरनेटवर गेली होती. भारतातील दुकाने त्या यादीत नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने मॅकिंटॉश समूह विकत घेतला. १९४९ पासून ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या या नावाला ते काटेकोर जाणकार फार मान देतात. ज्यांनी बोसच्या मालाला नाके मुरडली, त्यांच्याच आवडत्या घरात आता कंपनीने पाऊल ठेवले आहे. या खरेदीचे पैसे किती वर्षांनी वसूल होतील, हे विचारण्यास शेअरबाजारातील भागधारक नाहीत. विचारण्याचा अधिकार नसलेले एक विद्यापीठ तेवढे आहे.