मंगळागौर, कॅमेरा आणि अर्धा तास

मैत्रिणींनो, लोणावळ्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. भाच्यानं स्वतःला नवा कॅमेरा घेतला आणि आपला जुना, कॅननचा ईओएस एम ५०, मावशीला देऊन टाकला. येत्या श्रावणात त्यांच्या सुनेची पहिली मंगळागौर आहे. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. झिम्म्याची, पिंग्याची, फुगडीची इतकी गाणी त्यांना पाठ आहेत की रात्र पुरायची नाही! ‘सगळं जागरण फोर-केमध्ये घ्यायचं आहे. दुकानदार म्हणतो, आणखी एक भारी लेन्स घ्याच. घेऊ का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

थांबा बाई, एवढ्यात पैसे काढू नका. आधी हातातल्या यंत्राला काय जमतं आणि काय जमत नाही, ते पाहू या.

हा कॅमेरा २०१८ सालचा. आत आरसा नाही म्हणून आटोपशीर, पर्समध्येही मावेल असा. फोटो सुरेख काढतो, पण चित्रणात त्याच्या काही खोडी आहेत. पहिली म्हणजे, २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की तो आपणहून थांबतो. बिघाड नाही हं हा! सलग अर्धा तास किंवा त्याहून जास्त चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरत आणि त्यावर जकात जास्त लागे. म्हणून कंपन्यांनी एक सेकंद आधीच कात्री लावली. ही कात्री तुमच्या-माझ्या घरातही चालते. तिवईवर कॅमेरा लावून सगळ्याजणी फेरात शिरल्या, की तो कधी थांबला ते कुणाला कळायचंही नाही, आणि सासूबाईंचं नेमकं ठेवणीतलं गाणं हुकेल. तेव्हा एका समंजस मुलीला कॅमेऱ्याजवळ बसवा. प्रत्येक खेळ संपला की बंद, पुढचा सुरू झाला की चालू. नंतर गाणी वेगवेगळी शोधायलाही सोपं जातं.

दुसरी खोडी फोर-केची. नाव मोठं, पण या कॅमेऱ्यात फोर-के लावलं की चित्राच्या कडा बऱ्याच कापल्या जातात. सोबत आलेली १५-४५ ची लेन्स एरवी अख्खी खोली घेते. फोर-केमध्ये मात्र भिंतीला पाठ टेकवूनही निम्म्या बायका बाहेर राहतील. शिवाय फोकस धरण्याची त्याची चांगली पद्धत फोर-केमध्ये बंद असते, त्यामुळे फुगडी घालणाऱ्यांचे चेहरे पुसट होत राहतात. माझं ऐका, साधं फुल एचडी लावा. घरच्या टीव्हीवर उत्तम दिसतं.

आता लेन्स. घ्यायचीच झाली तर २२ मिलिमीटरची, एफ २ ची छोटी चपटी लेन्स घ्या. जुनी, चांगल्या स्थितीतली मिळाली तर बरंच. सोबतच्या लेन्सच्या तिप्पट उजेड ती आत घेते. श्रावणातलं लोणावळा म्हणजे भरदुपारी दिवे लावायचे दिवस, तिथं हाच उपयोग मोठा. हात हलला तर सावरून घ्यायची सोय मात्र तिच्यात नाही, तिवई हवीच. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या त्या जुन्या लाकडी फासळ्या खांबांसकट एका फोटोत हव्या असतील, तर ११-२२ ची रुंद लेन्स कामाची. पण वर्षातून एकदा कार्ल्याला जायचं, त्यासाठी ती घेणं मला पटत नाही.

पावसाळ्यात पाहुणे आले की धबधबा दाखवणं आलंच. त्यासाठी ५५-२०० ची लांब पल्ल्याची लेन्स कुणाकडून मागून आणा आणि रस्त्यावरूनच चित्रण करा. भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. पाणी किती झपाट्यानं चढतं, हे तुम्हा मावळकरणींना मी काय सांगावं? पाहुण्यांना मात्र सांगा, आणि फोटोसाठी कुणालाही प्रवाहात उभं करू नका.

आणखी एक. या कॅमेऱ्याच्या लेन्सचं घराणंच आता बंद झालं आहे. कॅननच्या २०२२ नंतरच्या नव्या छोट्या कॅमेऱ्यांना या लेन्स बसत नाहीत. म्हणजे आज भारी लेन्स घेतलीत, तर ती याच कॅमेऱ्याबरोबर म्हातारी होणार. दुकानदार हे बोलला नसेल.

खरं सांगू? तुमचे पैसे मायक्रोफोनला जाऊ द्यात. पत्र्यावर पाऊस कोसळत असतो, वर बांगड्या, टाळ्या, पोरांचा गलका. कॅमेऱ्यातला माइक हे सगळं सारख्याच मोठ्यानं पकडतो आणि सासूबाईंचा थकलेला आवाज त्यात बुडतो. एम ५० ला बाहेरचा माइक जोडण्याची खाच आहे. पदराला लावायचा छोटा माइक घ्या. आवाज कसा येतोय ते ऐकायला हेडफोन लावायची सोय नाही, म्हणून आदल्या दिवशी दोन मिनिटं घेऊन, लावून ऐका. शिवाय एक मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून त्यांच्याजवळ राहू द्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी १९८० च्या दशकापासून आपल्या मावळ-मुळशीच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह लाखाच्या वर गेला. लिहून घेतलेले शब्द आणि ध्वनिमुद्रित केलेला गळा, यावरच ते काम उभं आहे. आणि हो, रात्र होण्याची वाट पाहू नका. आदल्या दुपारी सासूबाईंना शांतपणे बसवून, खेळाशिवाय, नुसती गाणी म्हणवून घ्या.

बॅटऱ्या दोन ठेवा; एक जेमतेम तासभर चालते.

कॅमेऱ्याला ओल सोसत नाही. काम झालं की कोरड्या मऊ फडक्यानं पुसा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. चामड्याच्या पिशवीत कोंडलात तर लेन्सवर बुरशी चढलीच म्हणून समजा. तांदळात पुरू नका, त्याची पूड आत जाते. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की पुन्हा तापवून कोरडे करता येतात, फक्त त्यासाठी स्वयंपाकाची कढई घेऊ नका.