आधी माना, मग मेक्सिको

स्थलांतर आणि सीमेवरची माणसं हा विषय घेऊन परदेशी जाऊ पाहणारी मुलं आता रायपुरातही भेटतात. ‘यात नोकरी कुठली?’ असं घरचे विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं. ज्या शहराजवळ माना ही निर्वासितांची जुनी छावणी आहे तिथल्या मुलांनी हा विषय घ्यायचा नाही, तर कुणी घ्यायचा?

१९६४च्या दंगलींनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले, त्यांची छावणी इथे मानात पडली. बहुतेक नमशूद्र या बंगाली दलित जातीचे, खाडी-नदीकाठचे भातशेतकरी. पुढे पुनर्वसनाच्या दंडकारण्य प्रकल्पातून त्यांना परलकोट, उमरकोट, मलकानगिरीला जमिनी मिळाल्या. काही आपल्या गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे वसले. दगडाळ, कोरडवाहू रानात अनेकांचं मन रमलं नाही. १९७८मध्ये हजारो लोक सुंदरबनातल्या मरीचझाँपी बेटावर गेले आणि पुढच्याच वर्षी पश्चिम बंगाल सरकारने पोलीस घालून त्यांना हुसकावलं. जे मागे राहिले, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या आजही नातवंडांशी गावाकडची बांगला बोलतात आणि दारावरच्या भाजीवालीशी छत्तीसगढी.

पण एवढ्यावर त्यांची सीमा संपलेली नाही. नमशूद्र ओडिशात अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, छत्तीसगढ आणि महाराष्ट्रात नाहीत. म्हणजे एक बहीण ओडिशातल्या मलकानगिरीत आणि दुसरी छत्तीसगढच्या परलकोट भागात पखांजूरला दिली असेल, तर एकीच्या मुलांना अनुसूचित जातींची शिष्यवृत्ती आणि आरक्षण, दुसरीच्या मुलांना ते नाही. दोन देशांमधली सीमा ओलांडून आलेल्यांना दोन राज्यांमधल्या सीमेने असं गाठलं. माझ्या मते स्थलांतराच्या अभ्यासाचा खरा गाभा इथे आहे.

आणि नेमकं हेच बाहेर जाऊन अभ्यासायला सरकारची आडकाठी! अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२मध्ये तिच्या नियमांत अट आली: भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे विषय चालणार नाहीत. म्हणजे अशा मुलाने मेक्सिकोच्या सीमेवर तिहुआनाच्या कुंपणावर प्रबंध लिहावा, पखांजूरवर नाही. ही अट अन्यायाची आहे, ती गेलीच पाहिजे. परदेशातली ग्रंथालयं, मार्गदर्शक आणि इतर देशांतल्या निर्वासितांशी तुलना करण्याची संधी यांची सगळ्यांत जास्त गरज याच मुलांना आहे.

जाणाऱ्यांनी जरूर जावं. मात्र विमानात बसण्याआधी एक हंगाम मानात आणि परलकोटात काढावा, बांगला समजण्याइतकी शिकावी. रविशंकर विद्यापीठाची स्थापनाही १९६४चीच. त्याने समाजशास्त्राच्या प्रत्येक तुकडीला हे काम द्यावं: घरोघर जाऊन आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, छावणीतले जुने कागद जपायचे. विशीत इथे उतरलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. हे काम याच सत्रात सुरू व्हायला हवं.