गरिबाच्या घराचें मोल कोण देतो?

संसार चालविणाऱ्या प्रत्येक गृहिणीस एक गोष्ट पक्की ठाऊक असते, कीं घरांत फुकट असें कांहींच येत नाहीं. जी वस्तु आपण मोल न देतां वापरतों, तिचें मोल दुसऱ्या कोणीं तरी दिलेलें असतें, किंवा पुढें केव्हां तरी आपणांसच द्यावयाचें असतें. शहराचा संसार याहून निराळा नाहीं. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी बाई, दारावरचा पहारेकरी, रुग्णालयांतील आया, रस्ते झाडणारा कामगार, यांच्यावांचून शहर एक दिवसहि चालणार नाहीं. पण यांच्या वेतनांत त्याच शहरांतील घराचें भाडें मात्र बसत नाहीं. वेतन व भाडें यांमधील ही तूट कोणीं भरून काढावी, हा या महिन्याचा आपला विषय.

या बाबतींत व्हिएन्ना शहराचा जमाखर्च पाहण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही एका मोडलेल्या साम्राज्याची उपाशी राजधानी होती. एकेका खोलींत माणसें कोंबलेलीं. पुष्कळ कामकऱ्यांस तर केवळ निजण्यापुरतें अंथरूण भाड्यानें घ्यावें लागे. तेथील नगरपालिकेच्या अर्थखात्याचे प्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांच्या पुढाकारानें १९२३ सालीं गृहबांधणीचा स्वतंत्र कर बसविण्यांत आला. तो चढत्या प्रमाणाचा होता. लहान बिऱ्हाडास नाममात्र, तर मोठ्या वाड्याबंगल्यांस जबर. अवघ्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असलेल्या अत्यंत महागड्या जागांकडून या कराचें चाळीस टक्क्यांहून अधिक उत्पन्न येई. हा पैसा घरबांधणीसाठींच राखून ठेवलेला असे.

त्यांत दोन गोष्टी विशेष ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, कीं बांधकाम मुख्यतः कराच्या पैशांतून झालें, कर्जांतून नव्हे. त्यामुळें भाडेकऱ्याकडून व्याज वसूल करावें लागत नसे. देखभालीपुरतें भाडें घेतलें म्हणजे पुरे. दुसरी ही, कीं युद्धकाळापासून भाडीं गोठविलेलीं असल्यानें खाजगी मालकांस जमिनींत नफा दिसेनासा झाला, भाव उतरले, आणि नगरपालिकेनें त्या स्वस्त जमिनी विकत घेतल्या. १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरें उभीं राहिलीं. १९३० सालीं खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या एकाच वसाहतींत १,३८२ घरें, शिवाय धुलाईघरें व बालमंदिरें होतीं. १९३४ च्या फेब्रुवारींत यादवी होऊन याच इमारतीवर तोफा डागल्या गेल्या व लोकनियुक्त नगरसत्ता गेली. पण घरें राहिलीं. आजहि त्या शहराच्या मालकीचीं दोन लाखांहून अधिक घरें आहेत, आणि नव्या घरांच्या निधीसाठीं प्रत्येक पगारामागें नोकर व मालक दोघेहि ठराविक हिस्सा देतात.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. १८९६ च्या प्लेगनें श्रीमंतांचेहि डोळे उघडले आणि १८९८ मध्यें सुधारणा-मंडळ, म्हणजे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, निघालें. त्यानें रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली. परंतु पाडलेल्या घरांच्या मानानें गरिबांस मिळालेल्या खोल्या अपुऱ्याच ठरल्या. पुढें १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं विकास-खातें काढलें. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. त्यासाठीं कर्ज उभारलें, आणि भाड्यांतून न भरणारी तूट भागविण्यास शहरांत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया कर बसविला. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी झाल्या, खोल्या सुमारें साडेसोळा हजार. परंतु कर्जाचें व्याज चढें, बांधकाम महाग, खोल्या अंधाऱ्या आणि गिरणीकामगाराच्या मानानें भाडें जड. म्हणून पुष्कळ खोल्या कित्येक वर्षें रिकाम्या राहिल्या. कर होता, पण कर्ज त्याहून मोठें होतें.

आपण मध्यमवर्गीयांनीं या प्रकरणीं केवळ प्रेक्षकाची भूमिका घेऊं नये. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें गिरगांव-दादरच्या बिऱ्हाडांचीं भाडीं दोनदोन पिढ्या जवळजवळ स्थिर राहिलीं. तें मोल घरमालकानें दिलें. त्यानें दुरुस्ती सोडली, इमारती कोसळूं लागल्या, आणि अखेर १९६९ सालीं दुरुस्तीचा उपकर बसवावा लागला. दुसऱ्याच्या खर्चानें राहण्याचा अनुभव झोपडीवाल्यासच आहे असें नाहीं.

१९९५ पासून मुंबईनें निराळा मार्ग धरला. झोपडीवाल्यास घर फुकट. बिल्डरास त्याच्या मोबदल्यांत वाढीव चटईक्षेत्र. आणि त्यावरील महागडे गाळे विकून सारा खर्च भागवावयाचा. सरकारी तिजोरीस तोशीस नाहीं, म्हणून ही योजना सर्वांस रुचली. चाळीस लक्ष माणसांस घरें देण्याचें वचन दिलें गेलें. तरीहि २०११ च्या जनगणनेंत शहराची सुमारें चार दशांश वस्ती झोपड्यांतच आढळली. कारण उघड आहे. श्रीमंताचा गाळा विकला जाईल तेव्हांच गरिबाचें घर उभें राहणार. जेथें जमीन सोन्याच्या भावाची, तेथें बिल्डर धांवतो. जेथें भाव बेताचा, तेथें कोणी फिरकत नाहीं. बाजार मंदावला कीं काम थांबतें, आणि झोपडी मोडून बाहेर पडलेल्या कुटुंबाचें तात्पुरतें भाडेंहि थकतें. कापसाच्या करांतून उभ्या राहिलेल्या वरळीच्या चाळींच्या जागीं २०२५ सालीं पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु तेथेंहि हिशेब विक्रीच्या गाळ्यांवरच बेतलेला आहे.

कर कोणास गोड लागत नाहीं. परंतु कराचा आंकडा कागदावर दिसतो, त्याचा जाब विचारतां येतो. वाढीव चटईक्षेत्राचा कर मात्र कोठेंच लिहिलेला नसतो. तो पहिलें घर घेऊं पाहणारा आपला मुलगा वा मुलगी वाढीव किंमतींतून भरते, आणि तुंबलेलीं गटारें, आटलेलें पाणी व हरवलेला उजेड यांच्या रूपानें सारा शेजार भरतो. व्हिएन्नाचा मार्ग जसाच्या तसा येथें चालेल असें नाहीं. तेथें जमिनी स्वस्त झाल्या होत्या, येथें त्या आकाशाला भिडल्या आहेत. तरी दरवर्षीं ठरलेली रक्कम, तीहि याच कामासाठीं वेगळी राखलेली, आणि ऐपतीप्रमाणें घेतलेली, हें सूत्र कोणत्याहि संसारास लागू आहे. घरें फुकट देण्याचें वचन घेऊन उमेदवार दारीं येतील, तेव्हां सुज्ञ गृहिणींनीं त्यांस एवढेंच विचारावें, कीं हा खर्च कोणत्या खातीं मांडला आहे?